स्विच घेण्याआधी एवढं वाच

सोलापूर, १२ एप्रिल

प्रिय गड्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चोवीस पोर्टचा (केबल लावायच्या जागांचा) सिस्को कंपनीचा जुना नेटवर्क स्विच, म्हणजे मशिनं केबलनं एकमेकांना जोडणारा डबा, साडेतीन हजारांत मिळतोय, घरच्या लॅबसाठी घेऊ का, असं तू विचारलंस आणि मी नुसतं "थांब बे" म्हणालो. का थांब म्हणालो ते आता सविस्तर लिहितो.

मॉडेलचं नाव म्हणून तू फोनवर फक्त "२९६०" म्हणालास. त्या आकड्याच्या पुढची अक्षरं आधी वाच. साध्या २९६० चे चोवीसही पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, गिगाबिटचे फक्त दोन अपलिंक, म्हणजे पुढच्या स्विच-राउटरकडे जाणारे पोर्ट. २९६०जी किंवा २९६०-एस असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या सर्व्हरचा ५० जीबीचा बॅकअप गिगाबिटवर सात-आठ मिनिटांत होतो, १०० मेगाबिटवर त्यालाच सव्वा तास लागतो. रोज रात्री हा सव्वा तास तुला छळणार.

दुसरं, वीज. चोवीस तास ३० वॅट खाणारा स्विच वर्षाला २६० युनिट घेतो. माझा आठ पोर्टचा छोटा स्विच ४-५ वॅटवर भागवतो, म्हणजे ४० युनिटच्या आसपास. युनिटला १० रुपये धर. स्वस्तात घेतलेल्या स्विचची किंमत दीड-पावणेदोन वर्षांत बिलातून पुन्हा एकदा भरशील. शिवाय रॅकमधल्या बऱ्याच स्विचना पंखा असतो, आणि तुझ्या वन रूम किचनमध्ये तो रात्रभर उशाशी घोंघावणार. वहिनी दोन दिवसांत तो गॅलरीत नेऊन ठेवतील.

उन्हाचंही आहेच. इथं एप्रिलमध्येच दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. माझी लॅब आधी वर पत्र्याच्या खोलीत होती. बऱ्याच घरगुती स्विचच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आमचं शहरच ४२-४३ वर जातं. पत्र्याखाली किती होत असेल बघ. सगळं सामान मी खाली देवघराशेजारच्या कोनाड्यात आणलं. म्हणून पंखा नसलेला, पण पत्र्याच्या बॉडीचाच घे, प्लास्टिकचा नको.

आता मुद्द्याचं. तुला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच हवाय तो व्हीलॅनसाठी, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडण्यासाठी. कॅमेरे, टीव्ही आणि लॅबची मशिनं घरच्या मोबाईल-लॅपटॉपपासून वेगळी करायचीत, एवढंच ना? मग खोक्यावर "८०२.१क्यू" (व्हीलॅनच्या ठरलेल्या पद्धतीचं नाव) आहे का ते बघ. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई किंवा नेटगिअरचा जीएस३०८ई या कामाला पुरतात. मात्र नावातलं शेवटचं "ई" विसरू नकोस. ते नसेल तर तो साधा स्विच, त्यात व्हीलॅनची सेटिंगच नाही. शिवाय स्विच फक्त कप्पे पाडून देतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात कोणी जायचं, हे राउटर ठरवतो. तुझ्या त्या जुन्या डेस्कटॉपवर ओपीएनसेन्स (कॉम्प्युटरला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पोर्टवर सगळे व्हीलॅन टॅग करून, म्हणजे प्रत्येक पाकिटावर व्हीलॅनचा क्रमांक लावून, पाठव.

इथेच माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, ती तुझी जाऊ नये. कॅमेऱ्यासाठी मी व्हीलॅन २० केला. तिसरा पोर्ट त्यात अनटॅग्ड टाकला, व्हीलॅन १ (सगळे पोर्ट मुळात ज्यात असतात तो) मधून काढला, राउटरवर डीएचसीपी (आपोआप पत्ता देणारी सोय) लावला. तरी कॅमेऱ्याला पत्ता मिळेना. दोन केबल बदलल्या, कॅमेरा रीसेट केला, राउटर पुन्हा चालू केला. रात्री साडेनऊला पीव्हीआयडीच्या पानावर गेलो तर तिसऱ्या पोर्टसमोर अजून १ च. या स्वस्त स्विचमध्ये व्हीलॅनचं सदस्यत्व एका पानावर आणि पीव्हीआयडी दुसऱ्या पानावर असतो. पोर्टमधून बाहेर काय जाईल ते पहिलं पान ठरवतं, आत आलेलं विनाटॅगचं पाकीट कुठल्या कप्प्यात पडेल ते दुसरं. तिथे २० केलं आणि मिनिटभरात चित्र दिसायला लागलं. इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवलं.

पण त्या आनंदात "सेव्ह कॉन्फिग" दाबायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली, आणि सगळं पहिल्यासारखं कोरं. तेव्हापासून एक एक बदल झाला की सेव्ह करतो आणि फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवतो. तुमच्याकडे लाईट जात नसली तरी तूही ठेव. आणि राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस स्विचला तसाच जोडू नकोस. अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते वाच, कोणाला ५ लागतात, कोणाला ९.

दहा गिगाबिटचं खूळ सध्या बाजूला ठेव. दोन मशिनंच तेवढ्या वेगानं बोलणार असतील तर दोन नेटवर्क कार्डं आणि मध्ये एक डीएसी केबल (दोन कार्डं थेट जोडणारी तांब्याची केबल), स्विच लागतच नाही. पुढे लागलाच तर मायक्रोटिकचा सीआरएस३०५ बघू. चार एसएफपी प्लस (दहा गिगाबिटचे) पोर्ट, पंखा नाही, आकार डब्याएवढा. पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची, गरज मात्र आत्ताच ठरव. कॅमेरे पीओईचे घेणार असशील तर पीओईचाच मॅनेज्ड स्विच घे आणि एकूण वॅट किती देतो ते बघ. पोर्ट चार असले तरी चारही पोर्टांना पूर्ण १५.४ वॅट मिळतील असं नसतं.

राहिला तुझा सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा). त्यासाठी खऱ्या सिस्कोवर हात बसवायचाय, हे मला पटतं. पण ती गंमत आधी पॅकेट ट्रेसरवर (कॉम्प्युटरवरच लुटुपुटूचं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) घे, सिस्को तो फुकट देतं. त्यावर ट्रंक (एका केबलवरून अनेक व्हीलॅन), स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा झाला तर तो तोडणारी सोय) सगळं येतं. ते झाल्यावरही हातात लोखंड हवंसं वाटलं, तर तो जुना स्विच अभ्यासापुरता चालू करायला घे, घरचं नेटवर्क त्याच्यावर टाकू नकोस. आणि घेतलास तर दुकानातच कॉन्सोल केबल (सेटिंगसाठी लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लावून जुना पासवर्ड निघतो का ते बघ.

दुकानदाराला पैसे देण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो मला पाठव. मी दुपारी दोननंतर मोकळा असतो. मे महिन्यात येशील तेव्हा कोनाड्यातली जोडणी दाखवतो, आणि जाताना शेंगा चटणी न्यायची आहे, आईनं आत्ताच दाणे आणून ठेवलेत.

तुझाच,
मागच्या बाकावरचा