कौटुंबिक हिंसाचाराचे दोन सरकारी आकडे

संपादक महोदय,

कौटुंबिक हिंसाचाराच्या बातम्यांत दोन सरकारी आकडे सर्रास शेजारी छापले जातात: एक राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, आणि दुसरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. या दोन्हींतून मोजले जाते ते वेगवेगळे, म्हणून हे पत्र.

एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशात महिलांविरुद्ध ४,४५,२५६ गुन्हे आहेत. त्यांपैकी ३१.४ टक्के पती किंवा नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचे, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार. ही मोजणी एफआयआरची आहे, मारहाणीची नव्हे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवलेली किंवा समुपदेशनाला धाडलेली बाई या तक्त्यात येत नाही. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर तेवढेच मोजले जाते. त्यामुळे हुंडाबळीच्या प्रकरणातले क्रूरतेचे कलम ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) गणतीतून गळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे गुन्हे तर देशभरात वर्षाला जेमतेम काही शेच दिसतात. ते पाहून 'कायदा कोणी वापरतच नाही' असे लिहिणारे भेटतात. पण हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देणारा. त्यात गुन्हा घडतो तो बहुधा हिंसा करणाऱ्याने न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यावरच. न्यायालयात पडलेले अर्ज या आकड्यात नाहीत.

२०१९ मध्ये ४,०५,३२६ असलेले महिलांविरुद्धचे गुन्हे २०२० मध्ये ३,७१,५०३ झाले. त्याच टाळेबंदीच्या वर्षात राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. बाहेर पडता येत नसेल तर ठाण्याचा आकडा खाली येणारच.

सर्वेक्षण दुसऱ्या टोकाने जाते. 'नवरा छळतो का' असे त्यात मोघम विचारत नाहीत. ढकलले का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, अशी एकेक कृती विचारतात, कारण थोबाडीत बसणे म्हणजे हिंसा असे अनेक जणींना वाटतच नाही. एका घरातून एकाच स्त्रीची निवड होते आणि एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून द्यायचा असतो. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित (विधवा, घटस्फोटितांसह) स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधीतरी झाल्याचे सांगितले. 'कधीतरी' हा शब्द बातम्यांतून गळतो, आणि मग आयुष्यभराच्या या टक्क्याला एका वर्षाच्या एफआयआरने भागण्याचे उद्योग होतात. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांनी. ७७ टक्के जणी कोणाकडे बोलल्याही नव्हत्या.

महाराष्ट्राचा आकडा आधीच्या फेरीतल्या २१.३ वरून २५.२ टक्क्यांवर गेला. हा टाळेबंदीचा परिणाम असे आजही ऐकू येते. आपल्याकडचे काम सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात झाले, आणि तो टप्पा जानेवारी २०२० अखेर, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच संपला होता. कर्नाटकाचा आकडा तर २०.६ वरून थेट ४४.४ झाला. चार-पाच वर्षांत घराघरांतली मारहाण दुप्पट होणे अवघड; तिथे प्रश्न कोणी, कसे विचारले आणि एकांत किती मिळाला, हे आधी तपासायला हवे. दोन फेऱ्यांतला फरक छापण्यापूर्वी अहवालाच्या परिशिष्टातली प्रमाणत्रुटी (नमुना पाहणीमुळे अंदाजात येऊ शकणारी चूक) पाहावी, एवढी अपेक्षा वृत्तपत्रांकडून गैर नसावी.

खरी अडचण जिल्ह्याची आहे. हिंसाचाराचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जात असल्याने जिल्हावार टक्केवारी निघत नाही. गडचिरोली आणि ठाणे यांना एकच २५.२ लावून योजना आखल्या जातात. पन्नाशीपुढच्या स्त्रियांना तर हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

जिल्हावार माहिती मात्र सरकारदरबारी पडून आहे. २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी प्रत्येक तक्रारीचा कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, ठरावीक नमुन्यात भरतात. हिंसेची तारीख, ठिकाण आणि शारीरिक, लैंगिक, भावनिक, आर्थिक असा प्रकार त्यात असतो. तो मॅजिस्ट्रेटकडे जातो, प्रत पोलिसांना मिळते. महिला व बाल विकास विभागाने दर तिमाहीला जिल्हावार एवढेच जाहीर करावे: भरलेले अहवाल, हिंसेचा प्रकार, मिळालेले आदेश, आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा कायद्यातला प्रयत्न कितींत साधला. नावे अर्थातच नकोत; पाचपेक्षा कमी प्रकरणे असलेला रकाना झाकावा, नाहीतर छोट्या तालुक्यात बाई ओळखू येते. 'तडजोड झाली' याचा रकाना यशाच्या खात्यात धरू नये. जास्त अहवाल भरणाऱ्या जिल्ह्याला 'सर्वाधिक हिंसक' ठरवणारे मथळेही टाळावेत, कारण असा मथळा एकदा आला की पुढच्या तिमाहीत अहवाल भरणेच कमी होते. आणि जिथे शून्य येईल तिथे संरक्षण अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे का, हे आधी पाहावे.

- एक निवृत्त सांख्यिकी अधिकारी, पुणे