दौऱ्यातल्या गायक-नटाचा गळा जपा

महोदय,

संगीत नाटकाच्या दौऱ्यात रंगमंच अनेकदा ऐनवेळी ताब्यात मिळतो. नेपथ्य लावण्यातच वेळ जातो, ध्वनिचाचणी राहते. मग गायक-नटाला साथीचा ऑर्गन नीट ऐकू येत नाही, तो गळा ताणतो आणि शेवटच्या अंकातल्या पदांना आवाज उरत नाही. त्यात रात्रभरच्या बसप्रवासाने घसा आधीच कोरडा! नटाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) पेटीची काळी एक, नटीची काळी चार असली की दोन तबले वेगवेगळ्या सुरांत लावावे लागतात, त्यालाही वेळ हवा. कोकणच्या दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैलावून त्यांचा सूर मध्येच उतरतो. नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी संगीत नाटकाला तीन तास आधी रंगमंच द्यावा आणि विंगेत, गायकाकडे तोंड करून, मॉनिटर स्पीकर (गायकाला साथ ऐकवणारा) ठेवावा.

– एक नाट्यरसिक, सांगली