काका, तो ‘मी’ तुम्ही खोडलात

काका, साष्टांग नमस्कार.

मायन्यालाच अडले होते. तीर्थरूप लिहावं तर नातं नाही, श्रीयुत लिहावं तर परकं वाटतं. आणि नाव घालायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद. म्हणून नुसतं ‘काका’. वाचणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की हे काका वायव्य लंडनमध्ये राहतात, मूळचे नागपूरचे आणि नोकरीभर एका कौन्सिलच्या (म्हणजे पालिकेच्या) पार्किंग खात्यात होते. लोकांची रडकी पत्रं वाचायची आणि बहुतेकांना ‘नाही’ असं उत्तर पाठवायचं, हेच त्यांचं काम. पार्किंगच्या एका बिलात अडकलो तेव्हा आमच्या मदतीला नेमका असा माणूस यावा!

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही म्हणालात, “ठेव फोन, मॅच चालू आहे.” त्यामुळे हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता फोन ठेवून सुटका नाही.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार. दिवाळी दहा दिवसांवर आलेली आणि बेसन, खसखस, पणत्यांसाठी वाती अशी यादी. बाबांना (म्हणजे माझ्या सासऱ्यांना) बरोबर घेतलं होतं, कारण खसखस त्यांना स्वतः बघून घ्यायची असते. त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत, डावा पाय पक्षाघातानंतर ओढत टाकतात आणि वॉकरशिवाय चार पावलं जमत नाहीत. त्यांच्या नावाचा ब्लू बॅज, म्हणजे अपंगांना पार्किंगसाठी मिळणारा निळा परवाना, आहे. दुकानाच्या पार्किंगमध्ये अपंगांसाठीच्या जागेत गाडी लावली, बॅज डॅशबोर्डवर ठेवला, पावसात वॉकर उघडला आणि आत गेलो. परत आलो तर काचेवर काही नव्हतं. घरी येऊन बेसन भाजलं.

३ नोव्हेंबरला पार्किंग कंपनीचं पाकीट आलं. शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ. कारण: अपंगांच्या जागेत वैध बॅज न दाखवता गाडी उभी केली. सोबत आमच्याच गाडीचे तीन फोटो, काच पावसाने चकाकणारी आणि डॅशबोर्ड रिकामा. बॅज कुठे गेला होता ते आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं. बाबांना उतरवून दार लोटलं तेव्हा तो घसरून काच आणि डॅशबोर्डच्या फटीत गेला असणार.

बाबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग आत गेले आणि वीस पौंडांच्या तीन नोटा घेऊन आले. वाढदिवसाला नातवंडांनी दिलेल्या, जपून ठेवलेल्या. त्या पत्रावर ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर स्टीलची वाटी ठेवली आणि म्हणाले, “भरून टाक.” बाबा साताऱ्याकडे एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी दुसऱ्यांची तिकिटं तपासण्यात गेली. चेकर गाडीत चढला आणि एकही माणूस विनातिकीट सापडला नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. आणि आता त्यांच्याच नावाच्या बॅजवरून विनातिकीट ठरल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांनी गाडीत बसणं सोडलं. देवळात नको, मंडळात नको, डॉक्टरकडेही नको. “माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड,” एवढंच.

आमच्या व्हॉट्सॲप गटावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, साठ भर आणि विसर. दुसरा म्हणे, खासगी कंपनी आहे, फाडून टाक, कुत्रंही विचारणार नाही. मी साठ भरणाऱ्यांत होते. तेवढ्यात डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जेवणाच्या रांगेत तुम्ही माझ्यापुढे उभे होतात, आणि मी मैत्रिणीला हे सगळं सांगत होते. तुम्ही पान हातात घेऊन मागे वळलात आणि विचारलंत, “पेनल्टी चार्ज की पार्किंग चार्ज?”

मला वाटलं, काय फरक पडतो? दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही तो फरक समजावलात. कौन्सिल देते ती पेनल्टी, तो कायद्याचा दंड. खासगी जागेतली कंपनी देते ते बिल. बोर्डवर अटी लिहिल्या, तू गाडी लावलीस म्हणजे अटी मानल्यास, मोडल्यास म्हणून पैसे दे, असा करार. दोन्ही नोटिशींचं लघुरूप पीसीएन, आणि हा गोंधळ कंपन्यांना सोयीचाच पडतो, असं तुम्ही म्हणालात. ब्लू बॅजची योजनाही मुळात सार्वजनिक रस्त्यांची. खासगी जागेत तो बॅज आपोआप चालत नाही, तिथे जागामालकाच्या अटी. मात्र २०१० च्या समानता कायद्याने अपंग ग्राहकासाठी वाजवी सोय करण्याचं बंधन त्यांच्यावरही आहे.

फाडून टाका म्हणणाऱ्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. बॅरी बेव्हिसची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली. फिश-चिप्सचं दुकान चालवणारा माणूस, चेम्सफर्डला दोन तास फुकट असलेल्या पार्किंगमध्ये जवळजवळ तासभर जास्त राहिला. ८५ पौंडांसाठी भांडत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ साली हरला. “तेव्हापासून ‘खासगी म्हणजे खोटं’ हे संपलं,” तुम्ही म्हणालात. “कागद फाडलास तर काउंटी कोर्टाचं पाकीट येऊ शकतं, आणि तेही फाडलंस तर निकाल तुझ्याविरुद्ध. मग घराचं कर्ज काढताना रडशील.”

मी रात्री जागून चार पानी पत्र लिहिलं होतं. ते तुमच्यापुढे ठेवलं. त्यात बाबांचे गुडघे होते, पक्षाघात होता, सासूबाई गेल्यावर २००९ साली त्यांना कायमचं इकडे आणल्याची हकिगत होती, एसटीतली नोकरी होती, बेसनसुद्धा होतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून शांतपणे सगळं वाचलंत. मला वाटलं डोळे पुसाल. तुम्ही म्हणालात, “पत्र चांगलं आहे. पोरांसाठी ठेव. कंपनीला हे पाठवायचं नाही.”

राग आला होता, काका. आज सांगायला हरकत नाही.

मग तुम्ही पेन काढलंत आणि पहिल्याच ओळीतल्या ‘मी गाडी लावली’मधला ‘मी’ खोडलात. कंपनीला ठाऊक आहे ते फक्त गाडी कुणाच्या नावावर आहे ते, कारण डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) अडीच पौंडांत तेवढी माहिती त्यांना देतं. चालवत कोण होतं ते त्यांना माहीत नाही. बिल खरं तर चालवणाऱ्याचं. चालवणारा कळला नाही तर गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा त्यांना २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने दिली आहे, पण तारखांच्या अटी पाळल्या तरच. काचेवर काही लावलं नसेल, तर त्या दिवसानंतरच्या चौदा दिवसांत नोटीस मालकाच्या हाती पडली पाहिजे. तुम्ही कॅलेंडर मागितलंत. आमचं कालनिर्णय फ्रिजशेजारी टांगलेलं असतं, तेच काढून दिलं. तुम्ही ११ ऑक्टोबरवर बोट ठेवलंत आणि मोजत गेलात. चौदा दिवस २५ ला संपत होते. नोटिशीवर तारीख ३० ऑक्टोबर. टपालाचे दोन कामाचे दिवस धरायचे, मध्ये शनिवार-रविवार, म्हणजे ३ नोव्हेंबर. २५ तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिलेला होता. त्याच्या शेजारी तुम्ही पेन्सिलीने एक छोटी फुली मारलीत.

“तुझं दुःख खरं आहे,” तुम्ही म्हणालात, “पण ते जिंकणार नाही. ही फुली जिंकेल.”

माझ्या मनात एक टोचणी होतीच, ती मी बोलून दाखवली. ‘मी’ लपवणं म्हणजे खोटं बोलणं नाही का? तुमचं उत्तर जसंच्या तसं आठवतंय: “खोटं एक अक्षर लिहायचं नाही. नवरा चालवत होता असं लिहिलंस तर मी आत्ता उठून जाईन. पण न विचारलेलं सांगायचं ओझं तुझ्यावर नाही. ‘गाडीचा चालक’ असं लिही.” मराठीत हे किती सोपं, नाही? ‘गाडी उभी केलेली होती’ म्हटलं की कर्ता गायब. इंग्रजीत मात्र प्रत्येक वाक्यात तो ‘आय’ डोकं वर काढत होता आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्याच्यावर काट मारत होतात. (आता निकाल लागला आहे, तेव्हा कबूल करते: गाडी मीच लावली होती.)

चार पानांचं एक पान झालं. कागदाच्या तळाशी कुठल्या संघटनेचं चिन्ह आहे ते बघून अपील पुढे पॉप्लाकडे (खासगी पार्किंगच्या बिलांवरची अपिलं ऐकणारी स्वतंत्र संस्था) जाणार की तशाच दुसऱ्या संस्थेकडे हेही तुम्ही आधीच सांगितलंत. दुकानाच्या मॅनेजरला भेटून बघ म्हणालात. भेटले. माणूस भला होता, पण पार्किंग जागामालकाचं, आमच्या हातात नाही, असं सांगून त्याने हात वर केले. कंपनीचा नकार डिसेंबरात आला, सोबत पॉप्लाचा कोड आणि अठ्ठावीस दिवसांची मुदत. इथेही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. पॉप्लाला फी नाही, कंपनीला तिथला निकाल मानावाच लागतो, पण तिकडे गेलीस की साठची सवलत संपली, हरलीस तर शंभर. “रात्रभर विचार कर,” म्हणून गेलात. आमच्या ह्यांनी विचार न करताच ‘पाठव’ म्हटलं.

आणि ते भिंग. नकार आला त्या संध्याकाळी तुम्ही खिशातून भिंग काढून कंपनीचा तिसरा फोटो बाबांपुढे धरलात. काचेच्या अगदी खालच्या कडेला, वायपरच्या काळ्या रेघेमागे, नखाएवढा निळा तुकडा होता. बॅजचा कोपरा. मी तो फोटो पन्नास वेळा पाहिला होता, मला कधी दिसला नाही. बाबांनी भिंग स्वतःच्या हातात घेतलं, पुढे-मागे केलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तिकीट होतं.”

तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलंत की या कोपऱ्याने अपील जिंकेलच असं नाही, बॅज वाचता आला पाहिजे असं बोर्डवर लिहिलेलं आहे, आपण फक्त मुद्दा म्हणून घालू. मग आत्ता का दाखवलात, असं मी विचारलं नाही. त्या रात्री बाबा दोन पोळ्या जेवले.

फेब्रुवारीत निकाल आला. अपील मान्य. नोटीस मुदतीत पोचली नाही, सबब मालकावर जबाबदारी येत नाही. एवढंच. निळ्या कोपऱ्याबद्दल शब्द नाही. समानता कायद्याचा परिच्छेद, ज्यावर मी सगळ्यात जास्त घाम गाळला होता, त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. खरं सांगू? पैसे वाचल्याचा आनंद झालाच, पण थोडं लागलंही. वॉकर घेऊन पावसात चालणारा म्हातारा माणूस त्या जागेचा हक्कदार होता की नव्हता, हे कुणी ठरवलंच नाही. कंपनीने नोटीस दहा दिवस आधी टाकली असती तर आम्ही बहुधा हरलो असतो. तुम्ही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, पण सांगणं वेगळं आणि छापील कागदावर वाचणं वेगळं. तुम्हाला कळवलं तर म्हणालात, “जिंकलीस ना? मग आता दोन पौंडांचा पारदर्शक खिसा आण आणि काचेला चिकटव.” आणला. बॅज आता त्यात असतो, चाकाच्या खुर्चीचं चित्र आणि मुदतीची तारीख बाहेरच्या बाजूला.

त्या तीन नोटा बाबांना परत दिल्या. त्यांनी घेतल्या नाहीत, तुम्हाला द्या म्हणाले. तुम्ही घेणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून त्यांचा चिवडा झाला आणि तुमच्या घरी पोचला. शेंगदाणे जास्त झाल्याची तक्रार पोचली आहे.

गेल्या रविवारी बाबा पहिल्यांदा गाडीत बसले. दुकानापाशी पोचल्यावर मी बॅजला हात लावणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं. स्वतः वाकून खिशात सरळ आहे का बघितलं, बोटाने तारीख वाचली, मग मागे रेलून काचेवर दोनदा टिचकी मारली. “डबल बेल,” म्हणाले.

तुमचं भिंग आमच्याकडेच राहिलं आहे. बाबा त्याने पेपर वाचतात आणि परत द्यायला टाळाटाळ करतात. येत्या रविवारी न्यायला या. शेवग्याच्या शेंगांची आमटी करते आहे. गाडी रस्त्यावर उजव्या बाजूला लावू नका, तिथे आता परमिट लागतं.

तुमची,
रांगेत तुमच्या मागे उभी असलेली