नियाफुंकेचा शेतकरी : मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पश्चिम आफ्रिकेतील मालीचे गायक-गिटारवादक अली फार्का तूरे यांची गाणी ऐकून तू ‘हा तर आफ्रिकेचा जॉन ली हूकर’ असा एका ओळीत निकाल देऊन टाकलास. हूकर हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचे नामवंत गायक-गिटारवादक; पाश्चात्त्य समीक्षकांनी हेच बिरुद अलींना कित्येक वर्षे लावले, तेव्हा दोष तुझ्या एकट्याचा नाही. मात्र हे बिरुद त्यांना स्वतःला रुचत नसे, आणि त्यामागे नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. फोनवर हा विषय नीट बोलता येणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९३९ साली मालीच्या उत्तर भागात, नायजर नदीकाठच्या कनाऊ या खेड्यात झाला; माली तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. आईवडिलांचे हे दहावे अपत्य, आणि आधीची नऊही बालपणीच गेलेली. आपल्याकडे मुले जगत नसली की पुढच्याचे नाव धोंडू किंवा दगडू ठेवत असत, तशीच चाल तिकडेही आहे. या मुलाला नाव मिळाले ‘फार्का’, म्हणजे गाढव. तिकडे गाढव हे मूर्खपणाचे नव्हे, तर चिवटपणाचे आणि हट्टाचे प्रतीक मानले जाते. मोठेपणी ते हसून सांगत, की मी गाढव खरा, पण माझ्या पाठीवर कोणाला बसू देत नाही. त्यांचे पुढचे सारे वागणे मला या एका वाक्यात दिसते.

वडील फ्रेंच सैन्यात असताना वारले आणि कुटुंब नदीच्या वरच्या अंगाला नियाफुंके येथे येऊन राहिले. तेथे शाळा फारशी नव्हती, शेती होती. मालीत गाणे हा ग्रियो नावाच्या समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. राजवंशांच्या वंशावळी आणि पराक्रम मुखोद्गत ठेवून ते गाणे, हे त्यांचे काम. अली त्या समाजातले नव्हते. त्यांचे घराणे कुलीन समजले जाई, आणि अशा घरातल्या मुलाने वाद्य हाती धरणे घरच्यांना पटण्यासारखे नव्हते. संगीत त्यांच्याकडे आले ते वेगळ्याच वाटेने. नायजरच्या पाण्यात शक्तींचा वास असतो आणि वाद्य वाजवून त्यांना आवाहन करता येते, अशी तिकडची श्रद्धा आहे. आपल्याकडच्या विहिरी-डोहांतल्या साती आसरा आठव, म्हणजे कल्पना येईल. बारा-तेरा वर्षांच्या अलींनी गुर्केल हे एका तारेचे वाद्य स्वतः तयार केले, ते वाजवता वाजवता त्यांना विलक्षण अनुभव येऊ लागले आणि त्यांची प्रकृती बिघडली. तेव्हा घरच्यांनी त्यांना होंबोरी येथे उपचारासाठी धाडले. वर्षभराने ते परतले, आणि या शक्तींशी आपला संवाद होतो, अशी त्यांची ख्याती झाली. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तू ठरव. मला एवढेच दिसते, की ते स्वतः तसे मानत होते, आणि न्यार्का या एकतारी सारंगीवर ते गज फिरवतात तेव्हा सूर कोणा माणसाला ऐकवण्यासाठी काढला आहे असे वाटत नाही.

गिटार पुढे आली. १९५६ साली गिनीचे फोडेबा कैता यांचे वादन ऐकून त्यांनी उसन्या गिटारीवर आपल्या जुन्या चाली बसवून पाहिल्या. स्वतःची गिटार घेतली ती १९६८ मध्ये बल्गेरियातील सोफिया येथे, देशाच्या वतीने महोत्सवाला गेले असताना. टॅक्सी चालवणे, यंत्रे दुरुस्त करणे, नदीतली रुग्णनौका चालवणे असे उद्योग करून झाल्यावर सत्तरच्या दशकात ते राजधानी बामाकोच्या रेडिओ मालीवर ध्वनितंत्रज्ञ होते. तेथील ध्वनिमुद्रणे पॅरिसला जात आणि त्यांच्या तबकड्या निघत; त्यातून त्यांच्या हाती मात्र फारसे काही पडले नाही.

आता तुझ्या हूकरकडे येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस एका विद्यार्थी मित्राने त्यांना अमेरिकन तबकड्या ऐकवल्या. हूकर ऐकताच त्यांना वाटले, हे तर आपल्याकडचेच संगीत आहे, ते तिकडे कसे पोहोचले? मुळे आणि खोड आमच्याकडे आहे, तुमच्याकडे फांद्या आणि पाने, असे ते अमेरिकनांना सांगत. हा दावा इतिहासकारांच्या कसोटीला शब्दशः उतरेल असे मी म्हणणार नाही, कारण अटलांटिक ओलांडताना गुलामांच्या संगीतात अनेक प्रवाह मिसळले. पण एका स्वरावर ठाण मांडून बसणे, तीच छोटी सुरावट फिरवत राहणे आणि मोजक्याच स्वरांत गाणे, हे सोंघाई, फुला आणि तुआरेग लोकांच्या वादनात पूर्वापार होते. अली या सर्वांच्या भाषांत गात. तेव्हा त्यांना हूकरची आवृत्ती म्हणणे म्हणजे आजोबा नातवासारखे दिसतात असे म्हणणे आहे.

१९८७ पासून लंडनच्या वर्ल्ड सर्किट या कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या आणि युरोप-अमेरिकेचे दौरे सुरू झाले. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ला ग्रॅमी मिळाली. (हेच कूडर त्याच्या आधी आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर वाजवून ग्रॅमी घेऊन गेले होते, हे तुला ठाऊक असेलच.) एवढे नाव झाल्यावर कोणीही पॅरिसला घर केले असते, अली मात्र भाताच्या शेतीकडे परतले. पुढचे ध्वनिमुद्रण हवे असेल तर माझ्या गावी या, असे त्यांनी कळवले. मग नियाफुंकेत विटांच्या एका पडक्या इमारतीत, जनित्रावर चालणारी यंत्रे मांडून काम झाले, तेही शेतीतून सवड मिळेल तसे. १९९९ मध्ये निघालेल्या त्या संग्रहाला गावाचेच नाव आहे. मी शेतकरी आहे, गाणारा नंतर, हे त्यांचे म्हणणे मुलाखतीपुरते नव्हते. २००४ मध्ये ते गावाचे महापौर झाले आणि रस्ते, सांडपाण्याची गटारे, विजेसाठी जनित्र यांवर त्यांनी पदरचा पैसा घातला.

त्याच वर्षी बामाकोतील नदीकाठच्या हॉटेल मांदेमध्ये ते तुमानी दियाबाते यांच्यासोबत बसले. तुमानी ग्रियो, एकवीस तारांच्या कोराचे पिढीजात वादक. अली उत्तरेकडचे, कुठल्याच घराण्यात न शिकलेले. तालीम जवळजवळ झालीच नाही. तरी दोघे एकमेकांना जागा देत जातात, आणि ऐकताना पुष्कळदा अली केवळ ठेका धरून तुमानींच्या स्वरवर्षावाखाली स्वस्थ उभे आहेत असे वाटते. ‘इन द हार्ट ऑफ द मून’ या त्या संग्रहाला फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रॅमी मिळाली. हाडांच्या कर्करोगाने खंगलेले अली पुढच्याच महिन्यात बामाकोत गेले, आणि त्यांना नियाफुंकेत नेऊन पुरले.

मुलाने संगीतात पडू नये, सैनिक व्हावे असे त्यांना वाटे, कारण या धंद्यातली फसवणूक त्यांनी भोगली होती. मुलगा व्ह्यू याने ऐकले नाही, तो गिटारच वाजवतो. गाढवाचा हट्ट घरातच उतरला, दुसरे काय!

‘सव्हान’ हा त्यांच्या पश्चात निघालेला संग्रह मी टपालाने पाठवला आहे. तो एकदम लावू नकोस. आधी ‘नियाफुंके’ ऐक, तेही रात्री, आणि मग मला पुन्हा हूकरचे नाव घेऊन लिही.

तुझा,
जुना मित्र