फ्लोरोसंट तैलरंगांच्या ट्यूबवरील ‘कायमस्वरूपी’ या शब्दाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: फ्लोरोसंट तैलरंगांच्या टिकाऊपणाचा चुकीचा दावा आणि ट्यूबवर न दिलेली रंगद्रव्यांची नावे.

महोदय,

आपल्या कंपनीचा फ्लोरोसंट तैलरंगांचा सहा ट्यूबांचा संच मी गेली दोन वर्षे वापरत आहे. रात्रीचे शहर हा माझ्या चित्रांचा विषय आहे आणि या संचातील रंगांनी मी आतापर्यंत नऊ चित्रे पूर्ण केली असून त्यांपैकी चार विकली गेली आहेत. संचातील प्रत्येक ट्यूबवर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द छापलेला आहे आणि त्याखाली तीन तारे आहेत. आपल्याच रंगतक्त्यातील खुलाशानुसार तीन तारे म्हणजे प्रकाशात टिकण्याची सर्वोच्च प्रत. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आणि त्या ताऱ्यांबद्दल आहे.

विकल्या गेलेल्या चित्रांपैकी एका चित्रात पावसाने ओला झालेला चौक आहे आणि दुकानांच्या पाट्यांचे गुलाबी व नारिंगी प्रतिबिंब रस्त्यावर लांबवर पसरलेले आहे. चित्र घेतल्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी त्या गृहस्थांनी चौकट बदलण्यासाठी ते बाहेर काढले आणि मला त्याचे छायाचित्र पाठवले. चौकटीच्या खाचेखाली झाकल्या गेलेल्या काठावर बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद अशी एक गुलाबी पट्टी राहिली होती आणि ती मी रंगवली त्या दिवसाइतकीच झळाळत होती. तिच्या आत मात्र सगळा रस्ता धुवट, मातकट गुलाबी झाला होता. ओल्या रस्त्यावरचा उजेड गेला आणि उरला तो नुसता रस्ता. चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर होते; थेट ऊन त्यावर पडत नव्हते, असे त्यांनी कळवले आहे आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

एका छायाचित्रावरून तक्रार करणे योग्य नव्हे, म्हणून मी स्वतः एक साधी चाचणी केली. पांढरे अस्तर दिलेल्या एकाच कॅनव्हासबोर्डवर आपल्या सहाही फ्लोरोसंट रंगांचे पट्टे ओढले, तुलनेसाठी त्यांच्या शेजारी कॅडमियम लाल आणि क्विनाक्रिडोन गुलाबी या टिकाऊ मानल्या जाणाऱ्या साध्या रंगांचे पट्टे ठेवले, ते पूर्ण वाळू दिले, बोर्डाचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या वर्खाने झाकला आणि तो आठ आठवडे खिडकीत उभा केला. तिसऱ्या आठवड्यातच गुलाबीत फरक दिसू लागला आणि आठव्या आठवड्याअखेर त्याची उघडी बाजू जुन्या कागदासारखी झाली. नारिंगी पिवळटाकडे झुकला. त्यातला गुलाबी घटक आधी गेला असावा असा माझा अंदाज आहे. हिरव्यातली झळाळी जाऊन मागे एक साधा, थोडा गडद हिरवा राहिला. कॅडमियम आणि क्विनाक्रिडोन यांच्या झाकलेल्या व उघड्या बाजूंत मला डोळ्यांनी काही फरक करता आला नाही. ही प्रयोगशाळेतील चाचणी नाही, हे मला मान्य आहे. परंतु सर्वोच्च प्रतीचा म्हणवला जाणारा रंग तीन आठवड्यांतच बदलू लागत असेल, तर ती प्रत कोणत्या चाचणीवरून ठरवली हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला असला पाहिजे.

फ्लोरोसंट रंग उडतात, हे मला ठाऊक नाही असे कृपया समजू नये. साधा लाल रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातील इतर रंग शोषून लाल तेवढा परत पाठवतो. फ्लोरोसंट रंग त्याच्याही पुढे जाऊन अतिनील, निळा किंवा हिरवा प्रकाश गिळतो आणि तो अधिक लांबीच्या तरंगांत बदलून बाहेर सोडतो, म्हणूनच तो शेजारच्या रंगापेक्षा उजळ, जणू आतून पेटल्यासारखा दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी या घटनेचे वर्णन १८५२ मध्ये केले. ही करामत करणारे रेणू बहुधा रंजकांचे, म्हणजे विरघळणाऱ्या रंगांचे, असतात, ते राळेत विरघळवून त्या राळेची पूड केली जाते आणि तीच आपण तेलात घोटून ट्यूबमध्ये भरता. ज्या प्रकाशावर तो रेणू जगतो त्याच प्रकाशात तो हळूहळू मोडतो. रंगाचा हा स्वभाव आहे आणि त्यासाठी मी कोणालाही दोष देत नाही. हा स्वभाव आपल्या रसायनज्ञांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असताना ट्यूबवर ‘कायमस्वरूपी’ छापले गेले, हा माझा आक्षेप आहे.

ट्यूबवरचा दावा खरा नाही हे आधी कळले असते तर मी काय केले असते, तेही सांगते. शहराच्या दृश्यात फ्लोरोसंट रंग मुळात फार थोडा लागतो. भिंती, आकाश आणि रस्ता दबक्या करड्या रंगांत ठेवले की सिग्नलचा एक ठिपका आणि बसच्या मागच्या दिव्यांची एक रेघ पुरेशी होते, आणि ती पांढऱ्या अस्तरावर, शेवटी, पातळ थरात द्यावी लागते, कारण या रंगात काळा किंवा माती रंग मिसळला की झळाळी मरते आणि टायटॅनियम पांढरा मिसळला तरी ती बरीच मंदावते. मी त्या रेघेखाली आधी कॅडमियम किंवा क्विनाक्रिडोनचा टिकाऊ थर दिला असता, म्हणजे वरची झळाळी गेली तरी खालचा दिवा विझला नसता. झळाळी थोडी कमी मिळाली असती, पण चित्र उभे राहिले असते. तीन ताऱ्यांवर विसंबून मी गुलाबी थेट अस्तरावर लावला. शिवाय, विकत घेणाऱ्याला मी हे सर्व आधी सांगितले असते आणि त्याने जाणूनबुजून निर्णय घेतला असता.

आपल्या ग्राहकसेवेकडून मला दोन उत्तरे आली. पहिल्यात चित्र उन्हात ठेवू नये असा सल्ला होता. दुसऱ्यात अतिनील किरण रोखणारे व्हार्निश लावावे असे सुचवले आहे. हा सल्ला देणाऱ्या व्यक्तीने हा रंग कधी हाताळला असेल का, याची मला शंका आहे. अतिनील किरण अडवले की झळाळीचा एक हिस्सा आपणच कापून टाकतो. आणि फ्लोरोसंट गुलाबीत बहुधा वापरले जाणारे रोडामाइन वर्गातील रंजक हिरव्या प्रकाशानेही उद्दीपित होत असल्याने, तो प्रकाश व्हार्निशमधून आत येतच राहतो व रंगाची झीज काही पूर्ण थांबत नाही. म्हणजे उजेडही कमी आणि संरक्षणही अपुरे.

रंग उडण्याची किंमत किती मोठी असू शकते याचे एक उदाहरण कलाजगतात सर्वांना माहीत आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांनी १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेल्या मोठ्या चित्रांतील लिथॉल रेड हे रंगद्रव्य उन्हाने इतके फिके पडले की ती चित्रे भिंतीवरून उतरवून ठेवावी लागली, आणि २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा मूळ रंग भासावा म्हणून त्यांच्यावर यंत्राने रंगीत प्रकाश टाकावा लागला. तो रंग फ्लोरोसंट नव्हता, हे मी जाणते. तेथे एक संग्रहालय पाठीशी होते. माझ्या ग्राहकाच्या दिवाणखान्यात तशी सोय करता येणार नाही.

सहावी ट्यूब, म्हणजे पिवळी, उघडली तेव्हा तिच्यातून निम्मे तेलच आले. ती तक्रार मी इथे केवळ नोंदवून ठेवते.

माझी मागणी अशी आहे की पुढील उत्पादनापासून या संचावरील ‘कायमस्वरूपी’ हा शब्द काढून टाकावा, प्रत्येक ट्यूबवर रंगद्रव्याचे किंवा रंजकाचे कलर इंडेक्स नाव, म्हणजे रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतील नाव, छापावे, जसे ते आपल्या इतर सर्व तैलरंगांवर छापलेले असते, आणि प्रकाशस्थिरतेची प्रत एएसटीएम डी ४३०३ या कलारंगांच्या चाचणीमानकासारख्या मान्य पद्धतीने तपासून मगच द्यावी. तशी तपासणी झालेली नसेल तर ‘तपासलेले नाही’ एवढे छापले तरी चालेल. कलाकाराला तेवढे पुरते. संचाची रक्कम परत मिळावी ही मागणी आहेच, पण ती शेवटची आहे. ज्या चार जणांनी माझी चित्रे घेतली त्यांना मी स्वतः कळवले आहे आणि त्यांतील दोन चित्रे पुन्हा रंगवून देण्याचे कबूल केले आहे. त्या कामासाठी मला खालच्या थरात कोणते टिकाऊ रंग आपल्या फ्लोरोसंट रंगांशी जुळतील हे ठरवायचे आहे आणि ते आपण वापरलेल्या रंजकांची नावे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. तेव्हा इतर मागण्यांचा विचार होईपर्यंत ही नावे तरी मला १५ दिवसांत लेखी कळवावीत.

सोबत चाचणीच्या बोर्डाची झाकलेली व उघडी बाजू दाखवणारी छायाचित्रे, चौकटीच्या काठाचे छायाचित्र, सहाही ट्यूबांवरील बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती जोडली आहे. मूळ बोर्ड माझ्याकडे आहे. आपल्या प्रयोगशाळेला तो पाहायचा असल्यास मी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक व चित्रकार