शिवडीच्या कबरस्थानात काम करणाऱ्या चित्रकार ताईंना

ताई, सप्रेम सलाम.

समोर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. चालवून घ्या.

आमची आत्याआजी नर्स होती, लग्न केलं नाही. भाचरं वसई, पुणे, परदेश अशी पांगली. शिवडीला जाणं 2 नोव्हेंबरपुरतं, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनापुरतं उरलं आणि पुढे तेही सुटलं. कबरीवर गवत माजलं, सांध्यात पिंपळ रुजला. दगडावरची अक्षरं शिशाची. संगमरवरात खाच कोरून, तिच्यात बारीक भोकं पाडून शिसं ठोकून बसवतात. ऊनपावसाने ते सुटतं. निम्मं नाव असंच गळलेलं. तुम्ही विजेरी आडवी धरलीत आणि शिरोरेषेपासून सुरुवात करून, नुसत्या भोकांच्या सावल्यांवरून नाव लावलंत. पातळ कागदावर पेन्सिलीने ठसा उतरवलात. मग दफनाच्या नोंदीवरून माग काढत थेट आम्हाला फोन!

अ‍ॅसिड नाही, तारेचा ब्रश नाही. पाणी, मऊ ब्रश आणि शेवाळ काढायला बांबूची काडी, बस्स. चुलतभावाने "सोनेरी रंग मारू या का?" विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं पाहिलंत. तो अजून ती नजर विसरलेला नाही.

गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार जॉर्ज विटेट इथेच आहे, व्हीटी स्टेशन उभारणारा स्टीव्हन्सही. तुमच्याच जातकुळीतले, गोव्यातल्या साळगावचे चित्रकार एफ. एन. सुझा 2002 पासून इथेच आहेत. तुमच्या कबरींच्या वहीत मात्र यातलं कुणी नाही. तिथे ज्यांना कुणी विचारत नाही तेच. (सुझांना जाता-येता सलाम करता म्हणे. माळीबाबांनी फोडलं.)

ही कला कसली, समाजसेवा म्हणा, असं मेहुणे म्हणाले आणि घरात वाद पेटला. मला विचाराल तर समाजसेवक एकदा साफ करून फोटो काढून गेला असता. तुम्ही दर पावसाळ्यानंतर त्याच कबरीचं चित्र पुन्हा काढता: किती अक्षरं उरली, पिंपळ कुठून फुटला. न्यूयॉर्कच्या कलाकार मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांनी 1969 सालीच देखभालीला कला म्हणणारा जाहीरनामा लिहिला, हे मेहुण्यांना ऐकवलं. ते गप्प झाले, पटलं असं नाही.

पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून तुमच्यासाठी ब्रश माळीबाबांकडे ठेवले आहेत. गळलेली अक्षरं पुन्हा बसवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. वसईच्या काकांना ठशाची एक प्रत हवी आहे, सवडीने द्या.

आपला,
आत्याआजीचा पुण्याचा नातू