शेरूला खेळणी नकोत, काम हवं आहे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कुत्र्याने, शेरूने, सोफ्याचा कोपरा फाडला आणि मनी मांजर दिवसभर लोळून रात्री दोन वाजता घरभर उधळते, हे वाचलं. शेरू सूड उगवतो की दोघं कंटाळली आहेत, असं तू विचारलंस. आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. शेरू तुझ्यावर सूड उगवत नाही. तू दारातून आत येताच तो कान पाडतो, शेपूट पायांत घालतो, त्याला तू अपराधाची कबुली म्हणतोस. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर तो 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा. म्हणजे शेरू तुझा राग वाचतो आहे. सोफा त्याच्या लेखी केव्हाच संपलेला विषय आहे.

आता हा कंटाळाच आहे का, ते ठरवू. उद्या बाहेर पडताना फोन कॅमेरा सुरू करून ठेव, तासभर तरी. तू गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच शेरू धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला, दार ओरबाडू लागला आणि समोर ठेवलेल्या आवडत्या खाऊलाही तोंड लावेना, तर तो कंटाळा नव्हे, एकटं राहण्याची भीती आहे. तिथे खेळण्यांनी भागत नाही, पशुवैद्याची मदत लागते. कंटाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. तो आधी झोपतो, मग उठतो, खोल्या हुंगत फिरतो, कुठेतरी थबकतो आणि सैल अंगाने, अगदी निवांतपणे उशी ओढतो.

मनीच्या बाबतीत पोटाखालचे केस बघ. चाटून चाटून तिथे टक्कल पडलं असेल तर त्यामागे कंटाळा असू शकतो. पण पिसवा, त्वचेची खाज किंवा मूत्राशयाचं दुखणंही असू शकतं. वागणं अचानक बदललं असेल तर आधी तपासणी, मग खेळ. आणि एखादा बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो पण थेंबही येत नाही, असं कुठे दिसलं तर एक तासही वाट बघू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं.

कंटाळ्याचं एक मुकं रूपही असतं, तेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. दमलेलं नसताना सतत झोपणं, दाराची घंटा वाजली तरी मान वर न करणं, भूक नसताना भांड्याशी घुटमळणं. असा प्राणी त्रास देत नाही म्हणून लोक त्याला 'शहाणा' म्हणतात. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तू लिहिलंस की घरात टोपलीभर खेळणी आहेत. तीच तर अडचण आहे. जे चोवीस तास पायाखाली येतं ते त्यांच्यासाठी फर्निचर होऊन जातं. तीन-चार बाहेर ठेव, बाकी बंद डब्यात टाक आणि दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल कर. पण मुळात शेरूला खेळण्यांपेक्षा काम हवं आहे, आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे जेवण मिळवणं. भांड्यातले कोरड्या खाद्याचे दाणे तो मिनिटाभरात संपवतो. तेच जेवण वीस मिनिटं पुरू शकतं.

सुरुवात जुन्या टॉवेलपासून कर. तो जमिनीवर पसर, संध्याकाळच्या दाण्यांपैकी पाव भाग त्यावर विखूर आणि सैल गुंडाळी कर. शेरू नाकाने ती उलगडेल. हे दोन-तीनदा जमलं की गुंडाळी घट्ट कर, मग मधोमध दुमड. पुढची पायरी पुठ्ठ्याच्या खोक्याची. चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना आणि लेबलं आधी काढून टाक. आत कागदाचे बोळे आणि त्यांच्यात दाणे. तो पुठ्ठा फाडून थुंकत असेल तर फाडू दे, त्यातच मजा आहे. गिळत असेल तर खोकं बंद.

पोकळ रबरी खेळणं घेताना त्याला दोन्ही बाजूंनी भोकं आहेत ना, ते पाहून घे. एकच भोक असलं की चाटताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि जीभ अडकू शकते. दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजव, चेपून भर आणि चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेव. पहिल्या वेळी मात्र गोठवू नकोस, नुसतंच भरून दे. शेंगदाण्याचं बटर लावणार असशील तर डब्यावरचे घटक वाच. त्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असेल तर तो कुत्र्यासाठी विष आहे. हे सगळं दिवसाच्या ठरलेल्या जेवणातूनच द्यायचं, वरचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे नको. नाहीतर कंटाळा जाईल आणि वजन येईल.

हे फसतं ते बहुधा एकाच कारणाने: आपण पहिल्याच दिवशी फार अवघड कोडं, म्हणजे अन्न लपवलेलं खेळणं, देतो. प्राणी दोनदा प्रयत्न करतो, भुंकतो, निघून जातो आणि आपण म्हणतो, 'ह्याला नाही आवडत.' पहिल्या दिवशी दहातले आठ दाणे सहज मिळायला हवेत.

मनीसाठी हे आणखी हळू. ग्लेन जेन्सन यांनी १९६३ साली उंदरांवर प्रयोग केला तेव्हा दिसलं, की फुकटचं अन्न शेजारी असतानाही उंदीर कळ दाबून अन्न मिळवत होते. पुढे बऱ्याच प्राण्यांत हेच आढळलं. मांजरं मात्र २०२१ च्या एका अभ्यासात बहुतांशी फुकटच्या ताटलीकडेच वळली. म्हणून तिचं निम्मं जेवण नेहमीच्या भांड्यात राहू दे आणि निम्मंच कोड्यात ठेव. 'भूक लागली की करेल' असं म्हणून तिला उपाशी ठेवू नकोस. काही दिवस खाणं बंद झालं तर मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि ते गंभीर असतं.

मनीचं खरं काम शिकारीचं. काठीला बांधलेलं पीस तिच्या तोंडापुढे नाचवू नकोस, कोणतंही भक्ष्य मांजराकडे धावत येत नाही. ते तिच्यापासून दूर ने, सोफ्याआड अर्धं लपव, थांब, जरा थरथरव. ती दबा धरून नुसती बघत असते तेव्हाही खेळ चालूच असतो. तो वेळ तिला दे. दहा मिनिटांत दोन-तीनदा पकडू दे, मग वेग कमी कर आणि लगेच रात्रीचं जेवण वाढ. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा तिचा स्वाभाविक क्रम आहे, त्यामुळे रात्री दोनची धावपळ हळूहळू कमी होईल. मध्यरात्री ती ओरडली म्हणून उठून खायला मात्र घालू नकोस, नाहीतर ओरडणं हेच तिचं काम होईल.

लेझरचा ठिपका शक्यतो नको. तो कधीच हाती लागत नाही, आणि काही प्राणी पुढे सावल्या नि कवडशांमागेच धावत राहतात. खेळ संपला की काठी-दोरा कपाटात बंद. गिळलेला दोरा आतडी गोळा करून कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, तसाच दवाखाना गाठ. आणि हो, खिडकीशी उंचावर एक भक्कम फळी लावून दे, फक्त जाळी पक्की हवी.

शेरूला चेंडू पन्नासदा फेकून दमवणं बंद कर. त्याने तो शांत होत नाही, उलट आणखी चेकाळतो. त्याऐवजी छातीच्या पट्ट्याला तीन मीटरची दोरी लाव आणि वीस मिनिटं त्याचं नाक नेईल तिकडे जा. एकाच खांबाशी तो तीन मिनिटं थांबला तर थांबू दे. २०१९ च्या एका प्रयोगात दोन आठवडे वास शोधण्याचा सराव केलेले कुत्रे, मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्यांपेक्षा जास्त आशावादी ठरले. भांड्यात खाऊ आहे की नाही हे अनिश्चित असतानाही ते तिकडे लवकर गेले. घरात हाच खेळ असा: त्याला दाराबाहेर बसव, खोलीत पाच जागी दाणे लपव, 'शोध' म्हण. आधी नजरेला पडतील असे, मग खुर्चीखाली.

दोघांना कोडी वेगवेगळ्या खोल्यांत दे. एरवी गुण्यागोविंदाने राहणारेही खाण्यावरून गुरगुरतात.

सगळं एकदम सुरू करू नकोस. प्रौढ कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो, ती झोप मोडून खेळवू नये. खेळानंतर तो आडवा न होता तुझे हात-पाय तोंडात धरू लागला, तर जास्त झालं असं समज. या आठवड्यात फक्त टॉवेल, हुंगत फिरणं आणि मनीचं पीस. आणि कॅमेऱ्यात टिपलेलं मला पाठव. पहिला अर्धा तास न कापता, कारण आपल्याला तोच बघायचा आहे.

तुझाच,
मित्र